लाल वाडगं, निळं वाडगं

सरकारी खात्यात संशोधनाला मंजुरी लागते, किस्से मात्र बिनमंजुरीचे साठत जातात. ऐंशीच्या दशकात मी जयपूरजवळच्या एका मेंढी केंद्रात सात वर्षं काढली. तिथलं संशोधन कुठल्याशा कपाटात पडलंय. किस्से तेवढे माझ्या वाट्याला आले.

* * *

काम साधं होतं. मेंढीच्या पहिल्या पोटातले जंतू खाद्यातलं बरंचसं प्रोटीन आधीच फस्त करतात. शेंगदाण्याच्या पेंडीला किंचित फॉर्मेलिन लावून ती बंद ठेवली, की प्रोटीन शाबूत पुढे पोचतं आणि कोकरू भराभर वाढतं. दुष्काळात मूठभर पेंडीत मेंढपाळाचा कळप तगला असता. मीटिंगमध्ये मी हे तासभर समजावलं.

आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "फॉर्मेलिन में तो मुर्दे रखते हैं, दातारजी."

तरी प्रपोजल मंजूर केलं, वर पहिलं नाव स्वतःचं घालून. अट अशी, की तीन महिन्यांत फरक दिसला तर योजना पुढे, नाहीतर बंद. त्या अटीखाली मात्र सही एकट्या माझी घेतली.

* * *

कोकरं तोलायला काटा मागवला. आठ महिन्यांनी आला तो काचेच्या पेटीतला, पाव किलोच्या वर काही न तोलणारा! स्टोअरबाबूंनी फाइल पुढे केली. मागणी काट्याची, पुरवठा काट्याचा, सगळं चोख. कोकरू पंधरा किलोचं असतं म्हटल्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, "तो थोड़ा-थोड़ा करके तोलिए."

शेवटी जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या तटबंद शहरातल्या, एका धान्यवाल्याचा जुना काटा हातापाया पडून आणला.

* * *

आम्ही जयपूरच्या आदर्श नगरात राहायचो. मुलीला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तिचं वजन विचारलं. मी मुलीकडे पाहून अंदाज बांधू लागलो. बायको म्हणाली, "यांना मेंढ्यांचं विचारा, ग्रॅममध्ये सांगतील." डॉक्टर हसले. ती हसली नाही. तिचं काय चुकलं?

* * *

कोकरांची दोन वाडगी, म्हणजे कुंपणाचे वाडे, सांभाळायला भोमारामजी होते, रोजंदारीवर. स्वतःचा कळप दुष्काळात गेलेला माणूस. मी त्यांना पुन्हापुन्हा बजावलं होतं: लाल ठिपक्याच्या कोकरांना औषधाची पेंड, निळ्यांना साधी. अदलाबदल नाही. ते मान डोलवायचे आणि कोकरांची नावं ठेवायचे. लाल वाडग्यातल्या एकाचं नाव त्यांनी साहेबांवरून ठेवलं होतं. ते सगळ्यांत जास्त खायचं.

* * *

तीन महिने झाले. वजनं काढली. दोन्ही वाडगी जवळपास सारखी! मी पुन्हा तोललं, काटा तपासला, आकडे घरी नेऊन डोकं फोडलं. फरक नाही.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी न सांगता केंद्रावर गेलो. भोमारामजी दोन्ही पोती एकाच ताडपत्रीवर ओतून फावड्याने कालवत होते. रोजच कालवत होते म्हणे. 

ते म्हणाले, "आधे खाएँ और आधे देखें, साब? ये मुझसे नहीं होता."

खूप संताप आला. खरं लिहिलं असतं तर कदाचित योजनेला मुदत मिळाली असती, पण भोमारामजी त्याच दिवशी बाहेर गेले असते. मी रिपोर्टात लिहिलं, "फरक आढळला नाही." त्यावरचं स्वतःचं पहिलं नाव साहेबांनी लगेच खोडायला लावलं.

* * *

योजना तपासायला वरून समिती आली. दोन्ही वाडग्यांतली टुमटुमीत कोकरं पाहून अध्यक्ष खूश झाले. कोकरं इतकी छान असताना या फॉर्मेलिनची गरजच काय, असं त्यांनी विचारलं आणि योजना बंद केली. साहेबांनी मान डोलवली. मीही डोलवली.

गाड्या गेल्या. माझा चेहरा पाहून भोमारामजी जवळ आले. पेंडीला ते खल म्हणायचे. खांद्यावर हात ठेवून समजूत घालत म्हणाले, "दिल छोटा मत करो साब. आपकी खल में दम है. दोनों बाड़े देख लो."