‘नावाड्याची आई’ काय म्हणाली?

मूकपटांच्या वेडापायी असाकुसा पेठेतली आम्ही काही टाळकी ओत्सुरूबाईंच्या नूडल्सच्या दुकानाच्या माडीवर जमायचो. सगळे नुसते प्रेक्षक, एक निशिवाकी गेनझोमास्तर सोडले तर. ते ऐन उमेदीत बेन्शी होते. पडद्याशेजारी उभं राहून सगळ्या पात्रांचं बोलणं एकटे बोलायचे. पोस्टरवर त्यांचं नाव नटीहून मोठं असे. मेल्या बोलपटांनी त्यांचा घास हिरावला, तेव्हापासून ते गाडीवर भाजलेली रताळी विकत.

त्या वर्षी आम्ही सर्वोत्तम मूकपट निवडायला बसलो. कपबश्या फुटायच्या राहिल्या, इतकं भांडलो. पण ‘नावाड्याची आई’पाशी सगळे हळवे झाले. त्यातला लेक गाव सोडून निघतो आणि काठावरची आई म्हणते, “जा बाळा. मागं बघू नकोस. वळलास तर जाऊ द्यायची नाही मी तुला.” तो सिनेमा मास्तरांनी गाजवलेला. त्याला मान मिळावा म्हणून त्यांचा जीव किती तुटत होता, ते आम्हाला दिसत होतं.

औषधवाल्या मोरियानं कुठून तरी त्याची रिळं पैदा केली. तो म्हणाला, “आज कुणी बोलायचं नाही. सिनेमा सिनेमाच्या जिवावर बघू.”

बघितला. काठावर आई आली, तिनं तोंडावरचे डास हाकलले आणि ती घरात निघून गेली. बस्स. पोरगा तर दोनदा मागं वळला.

“अहो, ते वाक्य कुठंय?” ओत्सुरूबाई म्हणाल्या.

“वाक्य मास्तरांच्या पोटात,” मोरिया फणकारला. “इतकी वर्षं फुकट रडवलंत की आम्हाला.”

मास्तरांनी मान खाली घातली.

“सिनेमा टुकारच होता रे,” ते म्हणाले. “पण मी घर सोडलं ना, तेव्हा माझी आईही अशीच डास हाकलत आत गेली. एक शब्द बोलली नाही. तिला काय म्हणायचं असेल, ते मी रोज वेगवेगळं बोलून बघायचो. एके दिवशी हे वाक्य आलं. मग बदलवेना.”

खाली कढईत काहीतरी चुरचुरत होतं. मतं घ्यायची वेळ झाली. ‘नावाड्याची आई’ला मास्तरांनी हात वर केला नाही. बाकी सगळ्यांनी केला, आणि पहिला हात मोरियाचा होता.