सावलीतला उतार

मी नेमकं काय काम करते, हे इस्रायलमधल्या लोद गावच्या आमच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. आई शेजारणींना सांगायची, "कॉम्प्युटरमध्ये झाडं बघते." ते खोटं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी विद्यापीठातल्या एका लहान प्रयोगशाळेत नोकरीला होते. उत्तरेकडच्या डोंगरांवर शेळ्या चरायच्या थांबल्या, पायऱ्यापायऱ्यांची जुनी शेतं ओस पडली, आणि तिथं रान वाढत गेलं. ते कुठं आणि कसं वाढलं, हे उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखायला आम्ही यंत्राला शिकवत होतो. शिकवायचं म्हणजे मी चित्रातला एकेक तुकडा निवडायचा आणि सांगायचं, हे ओक, हे पाइन, ही खुरटी झुडपं, हा उघडा दगड. पुरेसे तुकडे दाखवले की उरलेला डोंगर ते आपलं आपण रंगवायचं. मला ते काम आवडे. दिवसभर कुणाशी फारसं बोलावं लागत नसे.

यंत्र एका ठिकाणी हटकून चुकायचं. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, डोंगराची उत्तरेकडची बाजू चित्रात काळी येते, आणि ती काळी बाजू त्याला दाट रान वाटायची. मग आम्ही गाडीनं तिथं जायचो, उतारावर उभं राहून खरं काय आहे ते बघायचो आणि परत येऊन त्याची चूक सुधारायचो. आमच्या प्राध्यापकांचा नियम होता की जिथं पायी जाऊन बघता येत नाही, तो भाग नकाशात ठेवायचा नाही. म्हणून चित्रात सरहद्दीपलीकडचे डोंगर आलेले असले तरी ते कापून टाकायचे.

माझा धाकटा भाऊ त्या कापलेल्या भागात होता. सैन्यातली सक्तीची वर्षं चालू होती आणि त्याची तुकडी लेबनॉनमधल्या एका टेकडीवरच्या चौकीत होती. तो गेला त्या दिवशी आई एलियाहू हनाबीला, म्हणजे एलियाहू पैगंबराला, नवस बोलली. कोकणातून आलेल्या आमच्या बेने इस्रायल ज्यू लोकांत असा नवस मलिद्यानं फेडतात. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर फळं. एरवी मलिदा घरीच होतो. पण आईनं हैफातल्या कार्मेल डोंगराच्या पायथ्याची एलियाहूची गुहा कबूल केली होती, आणि तीही अशी की पोरगा धड परत आला की तिथं बसून पहिला घास त्यानं खायचा.

एकदा तो शुक्रवारी रजेवर आला. मी न कापलेला नकाशा छापून घरी आणला होता. प्राध्यापकांना तो नको होता, मला हवा होता. भाऊ आईच्या हातचं मच्छीचं कालवण दोनदा वाढून घेऊन जेवला आणि नकाशा बघून हसला. त्याचं बोलणं हिब्रूतच चालायचं, 'ताई' तेवढं मराठीत. बालवाडीतल्या पोरांना रंग भरल्यावर चॉकलेट देतात, ताईला पगार देतात, असं तो आईला म्हणाला. आई त्याच्याच बाजूनं हसली.

ती भांडी घेऊन आत गेल्यावर मी त्याला विचारलं, की चौकीखालच्या रस्त्यालगत हा जो गडद हिरवा पट्टा आलाय, तिथं खरंच झाडी आहे, की डोंगराची सावली आहे? यंत्राला कळत नाही.

त्यानं पट्ट्यावर अंगठा ठेवला. बराच वेळ तो उचललाच नाही.

"उन्हं कलली की आम्हालाही कळत नाही," तो म्हणाला. "म्हणून आम्ही आधी गोळी झाडतो."

आत नळ चालू होता. मी नकाशाची गुंडाळी केली. तिथं कधी कुणी होतं का, हे मी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

पुढे एका मे महिन्यात सगळं सैन्यच तिथून परत आलं. भाऊही आला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आईनं त्याचे हात, पाठ, पाय चाचपून बघितले, जशी तो लहानपणी पडून आल्यावर बघायची. त्याची सक्तीची वर्षं संपली तशी ती हैफाला जायच्या तयारीला लागली. पहाटे उठून पोहे भिजवले, खोबरं खवलं, स्टीलच्या ताटावर स्वच्छ फडकं बांधलं. प्रवासभर ताट तिच्या मांडीवर होतं.

गुहेकडे जाणारी वाट समुद्राकडून वर चढते. त्या दिवशी दुपार कलायला लागली होती. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना झाडं होती आणि त्यांच्यामागचा उतार सावलीत गेला होता. भाऊ पहिल्या पायरीशी थांबला. आम्ही थोड्या वर जाऊन वळून पाहिलं, तर तो तिथंच उन्हात उभा होता, डोळे झाडांत. वरून एक बाई लेकराचा हात धरून उतरली, त्याला वळसा घालून गेली.

आईनं हाक मारली, "ये ना रे, इतकं लांब आलास."

तो हिब्रूत म्हणाला, तुम्ही जा. आई परत खाली गेली आणि मोकळ्या हातानं तिनं त्याचं मनगट धरलं. तेव्हा तो मराठीत बोलला. किती तरी महिन्यांत त्याच्या तोंडून मी मराठीतलं पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं.

"आई, तिथं आत काय आहे ते दिसत नाही."

"झाडंच आहेत रे."

"ताईच्या यंत्रालाही तसंच वाटतं."

आईनं माझ्याकडे बघितलं. यंत्राची गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. मी म्हटलं, इथंच खाली, समुद्राजवळच्या बाकावर ताट उघडूया. आईनं मान हलवली. कबूल केलं होतं ते गुहेत. खाली बसून खाल्लं तर तो नुसता खाऊ झाला असता.

परतीच्या बसमध्ये भाऊ ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला, खिडकीकडे तोंड करून. आम्ही दोघी मागे. उन्हानं पोह्यांना आंबूस वास यायला लागला होता. आईनं फडक्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.

"आला नाही गो तो अजून," ती हळूच म्हणाली.

दर वर्षी मे महिना आला की ती त्याला विचारते, हैफाला जायचं का. तो हिब्रूत म्हणतो, बघू. ती पोहे आणून ठेवते.