देवाघरी म्हणजे कुठं

निरवांगीजवळच्या एका वस्तीशाळेत मी शिकवत होते. चारही इयत्ता एकाच खोलीत बसायच्या. त्या दिवशी चौथीला वाक्प्रचार चालले होते आणि शेजारच्या बसायच्या पट्टीवर दुसरीची पोरं पाढे लिहीत होती. पोटात कावळे ओरडतात म्हणजे आत खरे कावळे नसतात, भूक लागलेली असते, एवढं सांगितलं तर वर्ग हसून लोळायला लागला. आपण बोलतो एक आणि अर्थ असतो दुसराच, असं मी फळ्यावर लिहिलं.

मधल्या सुट्टीत सगळे खिचडीसाठी बाहेर पळाले. दुसरीतली एक मुलगी मात्र माझ्या टेबलापाशी थांबली. तिची आई दिवाळीच्या आधी बारामतीला दवाखान्यात वारली होती. तेव्हा हिला सुप्याला मामाकडे ठेवलेलं, त्यामुळे हिनं काहीच पाहिलं नव्हतं.

"बाई, देवाघरी गेली म्हणत्यात, ते पण तसंच हाय का?"

मला आधी कळेना. मग तिनं हळूहळू सांगितलं. आईबरोबर ती एकदा एसटीनं मोरगावला गणपतीला गेली होती. देवाचं घर तिला तेवढंच माहीत. आई तिथंच राहायला गेलीय, बरं वाटलं की येईल, असं ती मनात धरून बसली होती.

उत्तरासाठी मी शब्द शोधू लागले. गेली, वारली, सोडून गेली. जे ओठावर येई ते झाकून बोलणारंच. शेवटी तिला जवळ घेतलं.

"तुझी आई मेली, बाळा. आता ती परत येणार नाही."

ती रडली नाही. "मग मोरगावात ती न्हाय?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले. ती जाऊन पट्टीवर बसली. खिचडी तिनं घेतली नाही.

शाळा सुटल्यावर तिचे वडील न्यायला आले. डाळिंबाच्या बागेतून तसेच आलेले, अंगाला फवारणीचा वास. घडलं ते मी सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते पायरीवर बसले.

"बरं झालं, बाई," ते म्हणाले. "दर ऐतवारी मोरगावला चला म्हणायची. आज बागेला पाणी धरायचंय, उद्या फवारणी हाय, असं करून मी टाळायचो. मला सांगायला जमलंच न्हाय."

त्या रविवारी त्यांनी तिला नीरेच्या काठी नेलं, जिथं आईला अग्नी दिला होता तिथं. बापलेक दोघंही तिथं रडले, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

उन्हाळ्यात ते तिचा दाखला न्यायला आले. बाग एकट्यानं बघायची, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मुलगी आता मामाकडेच राहणार होती. कशी आहे, असं मी विचारलं.

"शाणी झाली," ते म्हणाले. "आता काय इचारत न्हाय."