शेवटचा फर्मा

डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सरत्या वर्षातल्या साहित्याचा आढावा येतो. कोण गेलं, कोणाला पुरस्कार मिळाला, संमेलनाच्या मांडवात कोण कोणावर रुसलं. मी तो दरवर्षी नेमाने वाचते आणि दरवर्षी चिडते. माझं साहित्यातलं एकुलतं एक वर्ष अंजूरच्या गोदामात गेलं, आणि तिकडे एकही समीक्षक फिरकला नव्हता.

मी एम.ए. मराठी. म्हणजे घरच्यांच्या मते खूप शिकलेली आणि बाकीच्यांच्या मते बिनकामाची. दोन वर्षं शाळांचे उंबरठे झिजवले आणि शेवटी शेजारणीच्या ओळखीने गोदामात लागले. जिथे भात व्हायचा तिथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या होत्या, त्यातल्या एकीत नुसती पुस्तकं होती. दुकानांतून परत आलेली, ऑनलाइन गिऱ्हाइकांनी नाकारलेली. माझं टेबल डॅमेजचं. फाटलेलं, भिजलेलं, बांधणीत चुकलेलं पुस्तक वेगळं काढायचं, यादीत लिहायचं आणि लगद्याला जाणाऱ्या ढिगात टाकायचं. सुरुवातीला मी घरी जाऊन रडायचे. खरंच रडायचे.

माझ्या समोर एक मावशी गठ्ठे बांधायला असायच्या. अंजूरच्याच, साठीला आलेल्या, तिसरीपर्यंत शिकलेल्या. रिक्षावरची पाटी वाचता येई, पुस्तक नाही. एकदा डबा खाताना त्या मला म्हणाल्या, "फेकायचंच हाय ना? मंग फेकायच्या आधी वाच तरी. आमाला बी आयकू दे."

तिथून सुरू झालं. गेटवर बाहेर जाताना पिशव्या तपासायचे, त्यामुळे पुस्तक घरी नेता येत नसे. पण जेवणाच्या अर्ध्या तासात वाचायला कोणाची ना नव्हती. चार-पाच बायका खोक्यांवर बसायच्या आणि मी मोठ्याने वाचायचे. पहिली दहा पानं गेलेली रहस्यकथा वाचली. खून कोणाचा झालाय हेच आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण खुनी सापडल्याचा आनंद सगळ्यांना झाला. ओल लागून फुगलेलं एक पाककृतींचं पुस्तक वाचलं. त्यात 'मीठ चवीनुसार' आलं की मावशी उखडायच्या, "चव आमचीच, तर पुस्तक कशाला?" विद्यापीठात मी इतकी नेमकी टीका ऐकली नव्हती. ते वर्ष मला अजून हवंहवंसं वाटतं.

दिवाळीनंतर एक कादंबरी हाती आली. त्यातल्या आईची लेक मनाविरुद्ध लग्न करून गेलेली असते आणि आईने बोलणं टाकलेलं असतं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, वाचन सुरू असताना मावशींचा घास हातातच राहतोय. गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांची लेक कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या एका उत्तरेकडच्या मुलाबरोबर गेली होती. राहायची टेमघरला, रिक्षा बदलून फार तर तासाभराच्या अंतरावर. आठ वर्षं झाली, मावशींनी तिचं नाव काढलं नव्हतं. मी तेव्हाच पुस्तक मिटायला हवं होतं. पण मला माझ्या वाचनाचा भारी गर्व.

कादंबरीतली आई अखेर लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. पान एकशे शहात्तर. मी पान उलटलं, तर पुढे एकशे एकसष्ट. बांधणाऱ्याने तोच सोळा पानांचा फर्मा दोनदा घातला होता आणि शेवटचा घातलाच नव्हता. तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपली.

"जाते का गं ती?" मावशींनी विचारलं.

"उद्या कळेल," मी म्हटलं.

पुस्तक अपुरं आहे, एवढं सांगायचं होतं. मला त्या चेहऱ्याकडे बघून ते सांगवेना. संध्याकाळी घरी वही घेऊन बसले आणि शेवट स्वतःच लिहिला. गोड शेवटांना कॉलेजात मी नाक मुरडायचे. तीच मी, आईला दारापर्यंत नेलं, कडी वाजवली, दार उघडवलं, लेकीला गळ्यात पडून रडायला लावलं. पानं डब्याच्या पिशवीतून आत नेली. आत जाताना कोणी तपासत नाही. पुस्तकात ठेवून ती वाचली, कुठेही न अडखळता. मावशी डबा तसाच झाकून कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. लेकीकडे तर गेल्या नसतील? माझ्या पानांतल्या लेकीने दार उघडलं कारण मी तसं लिहिलं होतं. टेमघरच्या लेकीला तसं कोणी लिहून दिलं होतं? तिने दार तोंडावर आपटलं असतं तर? कोणाच्या आयुष्यात लुडबूड करणारी मी कोण लागून गेले?

तिसऱ्या दिवशी आल्या. पदर खोचत म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकातली रडली. आमची न्हाय रडली. 'बस' बोलली, आनि चा टाकला." मग गठ्ठ्याची सुतळी आवळत, "पोर हाय तिला, चार वर्सांची. मना नानी बोलते."

महिन्याभराने त्याच कादंबरीची धड प्रत परतीच्या मालात आली. मी उभ्यानेच शेवटचा फर्मा वाचला. त्यात आई दारापर्यंत जाते, आतून लेकीचं हसणं ऐकते आणि कडीला हात न लावता माघारी फिरते. फार सुंदर लिहिलं होतं. माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं, आणि त्याचा मला रागच आला. प्रत गुपचूप धड मालात सरकवता आली असती. पण आठ वर्षांचा अबोला मोडून गेलेल्या बाईला फसवून ठेवणं मला जमेना.

जेवणाच्या सुट्टीत मावशींना बाजूला घेतलं. "तो शेवट माझा होता. पुस्तकातला हा आहे," असं म्हणून ती सोळा पानं वाचून दाखवली. आता त्या काय बोलतील, परत कधी वाच म्हणतील का, याच धास्तीत मी होते.

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. माझ्याकडे बघतही नव्हत्या. नजर पुस्तकावर होती आणि डोळे भरून आले होते.

"कडी बी न्हाय वाजवली?"

"नाही."

"बिचारी," मावशी म्हणाल्या. "तिला कोनी वाचून दावनारं न्हवतं."