मिस्त्रीची घोडी

मागच्या आठवड्यात फोनवर बोलताना तुम्ही विचारलंत, की अंगणात ती सिमेंटचे डाग पडलेली लाकडी घोडी अजून का ठेवली आहे. अशा दोन घोड्यांवर फळी टाकून गवंडी उंचावरचं काम करतात. आपल्याकडे एकच आहे आणि ती आपली नाही. फोनवर सांगण्याइतकी गोष्ट लहान नाही, म्हणून लिहून पाठवते.

लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला, त्या वर्षी तुमचे आजोबा घरातल्या गुळगुळीत जिन्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया पुण्याला झाली, कारण तुमची आत्या तिथे असते. डॉक्टरांनी उकिडवं बसायला आणि जिना चढायला मनाई केली. पुंडलिकनगरच्या आपल्या घरात झोपायची खोली आणि न्हाणीघर वर होतं. खाली मागच्या अंगणात जुन्या पद्धतीचा संडास, तोही दोन पायऱ्या उतरून. म्हणजे पलंग खाली आणला तरी तिथे कमोड बसवल्याशिवाय आजोबांना घरी येता येणार नव्हतं.

आत्याचं म्हणणं सरळ होतं. शहर वाढत होतं, आपल्या गल्लीतही एक बिल्डर घरं विचारत फिरत होता. "आई, दुष्काळात घर दुरुस्त करत बसण्यापेक्षा विकून टाका आणि इकडेच या." शेवटी असं ठरलं, की दिवाळीपर्यंत खालचं बाथरूम झालं तर आजोबा परत येतील, नाही झालं तर घर विकायचं. आजोबांनी हे मान्य केलं. माझ्या व्यवस्थितपणावर त्यांचा फार विश्वास होता. त्यांना आत्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचं नव्हतं, पण तसं ते कधी बोलले नाहीत. रोज संध्याकाळी फोनवर कमोडबद्दल एवढंच विचारत, "भांडं बसलं का?"

मी नीट आखणी करून कामाला लागले. वीटभट्ट्यांना पाणी नव्हतं, म्हणून विटा महागल्या होत्या. वाळूचं तेच. औरंगपुऱ्यातला नळ-पाइपांचा दुकानदार भाव सांगताना पुढे जोडायचा, "काकू, हा आजचा. उद्याचं मला विचारू नका." मी बाथरूमच्या नव्या खोलीची लांबी कमी केली आणि टाइल फक्त कमरेइतक्या उंचीपर्यंत लावायचं ठरवलं. जमिनीवर घालायला मागच्या अंगणातली शहाबादी फरशी उखडून घेतली. कामावर घेतलेल्या मिस्त्रीला ते रुचलं नाही.

"काकू, लोक चकचकीत टाइल मागतेत. तुम्ही अंगणातला दगड आत घालून राहिल्या."

"चकचकीतवरूनच पडले ते," मी म्हणाले.

भिंती खिडकीच्या वरपर्यंत आल्या आणि मिस्त्री यायचा बंद झाला. फोन केला की म्हणायचा, "उद्या येतो काकू, लई अडचण हाय." त्याची हत्यारं मात्र अंगणात होती: घमेली, फावडं, गिलावा सपाट करायचा पाटा आणि ती घोडी. मी त्यांच्यावर प्लॅस्टिक टाकून ठेवलं. मला वाटलं, माणूस आपली हत्यारं सोडून जातो का? पुण्याला मी तेच सांगत राहिले, की सामान इथेच आहे, म्हणजे येणार.

तो शहराबाहेर बिडकीनला गेला होता. तिकडे कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि शहरातले बरेचसे गवंडी तिकडेच होते. सकाळी मजुरांच्या चौकात माणसांना तोटा नव्हता. दुष्काळाने गावंच्या गावं बाहेर पडली होती. आपल्याकडे विटा वाहायला आलेल्या जोडप्याने आधीच्या महिन्यात मेंढरं विकली होती. वाहायला हात पुष्कळ होते, भिंत ओळंब्यात उभी करणारा मिळत नव्हता.

मोठ्या मुश्किलीने एक दुसरा मिस्त्री सापडला. त्याने खोली पाहिली, भिंतीवरून हात फिरवला, मग अंगणात येऊन प्लॅस्टिक उचललं.

"हे हत्यार कुणाचं हाय?"

मी सांगितलं.

"मग काम त्याचं हाय. मी हात लावणार नाय."

"अहो, घर माझं आहे."

"घर तुमचंच हाय की. काम त्याचं. उद्या त्यानं मला चौकात धरलं तर काय सांगू?"

त्यानंतर आलेल्यानेही घोडीकडे पाहिलं आणि चहा घेऊन गेला. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले भाऊजी कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, वर प्लॅस्टिक घालून तुम्ही त्याचा कब्जाच राखत होतात."

म्हणजे ज्या सामानाला मी येण्याची खूण समजत होते, ते दुसऱ्याने येऊ नये यासाठी ठेवलं होतं. दिवाळी जवळ येत होती. आत्याने बिल्डरशी एकदा बोलूनही घेतलं होतं.

मी ऑटो ठरवली, हत्यारं आत भरली आणि बिडकीनला निघाले. घोडी काही मावली नाही, ती अंगणातच राहिली. पैठण रोडच्या दोन्ही बाजूंना शेतं उघडी पडली होती आणि त्यांच्यामधून नवे रुंद रस्ते काढलेले होते. मिस्त्री एका शेडपाशी सापडला. डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. ऑटोतली घमेली पाहून त्याचा चेहरा उतरला.

"काकू, हत्यार परत आणलं? चार माणसांत माझी काय इज्जत राहिली?"

"मिस्त्री, तुम्ही येत नाही आणि दुसऱ्याला येऊ देत नाही. तिकडे आमचे हे लेकीच्या घरी अडकून पडले आहेत."

त्याने हेल्मेट काढून काखेत घेतलं. मग म्हणाला, "इथं दर शनिवारी पगार हाय, काकू. हे सोडलं तर पुन्हा घ्यायचे नाय. पण तुमची भिंत चांगली उठलीय, म्हणून सोडवंना."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण भिंत खरंच चांगली होती. मी म्हणाले, "मग तुम्हीच सांगा दुसऱ्याला."

त्याने तिथूनच दुसऱ्या मिस्त्रीला फोन लावला. "कर बाबा, माझी हरकत नाय. उतार तेवढा नीट काढ, नायतर काकू इंग्लिशमधून रागावत्यात." रागावले की माझ्या तोंडून इंग्लिश निघतं, हे त्याला ठाऊक होतं. ऑटोवालाही हसला. मग मिस्त्रीने हत्यारं स्वतः उतरवून घेतली. घोडी राहिली म्हटल्यावर म्हणाला, "येतो न्यायला. सवडीनं."

दुसरा मिस्त्री दोन दिवसांनी आला. पाण्याचा टँकर आम्ही आणि भाऊजींनी मिळून घेतला. स्लॅब टाकल्यावर तो पक्का व्हावा म्हणून वर गोणपाट अंथरून ते ओलं ठेवत राहिलो. गल्लीतल्या बायका हंडे घेऊन उभ्या असताना छतावर पाणी ओतायला संकोच वाटायचा, म्हणून मी ते पहाटे करत असे. दिवाळीला थोडेच दिवस उरले असताना भांडं बसलं. टाइलचा रंग दोन भिंतींवर वेगळा आहे, कारण पहिला रंग पुन्हा मिळाला नाही.

आत्याने आजोबांना गाडीतून आणलं. चहाही न घेता ते काठी टेकत आत गेले आणि दार लावलं. बराच वेळ आवाज आला नाही. आत्या दोनदा दारापर्यंत जाऊन आली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "काठी घसरत नाही."

दुपारी अंगणात बसले असताना त्यांनी घोडीचं विचारलं. मी सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. पुण्याला परत निघताना आत्याने विषय काढलाच. "बाबा, आत्ता झालं ते झालं. पण तो बिल्डर अजून विचारतोय."

"त्याला सांग, मिस्त्रीचं हत्यार अजून अंगणात आहे," आजोबा म्हणाले. "काम संपलेलं नाही. असं घर कोण घेईल?"

मी आत्याची पिशवी गाडीत ठेवली.

मिस्त्री अजून आलेला नाही. मध्ये एकदा भाऊजी त्याला निरोप पाठवतो म्हणाले, तर आजोबांनी त्यांना दुसऱ्याच विषयात गुंतवलं. घोडीच्या पायांना वाळवी लागू नये म्हणून आजोबांनी त्यांखाली शहाबादीचे उरलेले तुकडे ठेवले आहेत.