शाफ्ट काढायला दहा मिनिटं

पत्रक लिहायला मला येतं. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, शेवटी ‘आता तरी जागे व्हा’. विहाराच्या मागच्या खोलीत बसून मी कितीतरी पत्रकं लिहिली, घडी घातली, नाक्यावर वाटली. हे लिहिताना मात्र पहिलीच ओळ अडतेय, कारण ह्यात आरोपी मी आहे.

आधी एक सांगून टाकते. टोइंगवर माझा राग होता तो खरा होता, आजही आहे. आमच्या नाक्यावर एक दवाखाना आहे. पेशंटला हाताला धरून आत नेऊन बसवायचं, बाहेर यायचं, तर गाडी गायब. ना भोंगा, ना आवाज. एका बाईनं सलाईन लावलेल्या नवऱ्याला तसंच सोडलं आणि स्कूटर शोधत चिकलठाण्याच्या पलीकडच्या यार्डापर्यंत गेली. यार्ड टोइंगच्या ठेकेदाराचं, उचलणारी गाडी ठेकेदाराची, माणसंही त्याचीच. आम्ही विहारात जमणाऱ्या कार्यकर्त्यांनी निवेदनं दिली, ती कुठंतरी पडून राहिली.

मग मला कल्पना सुचली. टोइंगच्या गाडीचंच टोइंग करायचं. नाक्यावर गाडी अडवायची, ट्रॅक्टरला साखळीनं बांधायची आणि जालना रोडनं ओढत थेट ठेकेदाराच्या यार्डात नेऊन उभी करायची. मीटिंगमध्ये हे बोलले तेव्हा सगळे टेबलं वाजवायला लागले. शेंद्र्याच्या एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर दिला. बॅनरवरची ओळही माझीच होती, ती इथं लिहीत नाही. आता ती वाचवत नाही.

ठरल्या दिवशी गाडी आली, आम्ही पुढं बसलो. ड्रायव्हर खाली उतरला. चाळिशीचा, पाचोडकडचा, खिशाला पेन लावलेला माणूस. भांडला नाही, चावीसुद्धा मुकाट्यानं दिली. पण साखळी बघितल्यावर तो वाकून गाडीखाली बघायला लागला, मग केबिनमधून पान्हा काढून माझ्याकडं आला.

“ताई, ही ऑटोमॅटिक हाय. अशी ओढू नका. मागचा शाफ्ट काढतो, दहा मिनिटं द्या.”

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा. तेवढं मला कळत होतं, कारण मी मामाच्या गॅरेजवरच्या खोलीत राहते आणि लहानपणापासून पान्ह्यांचे आवाज ऐकत जेवलेय. कळत नव्हतं ते एवढंच, की ओढायला तो कशाला काढायचा. मला वाटलं, हा वेळ काढतोय, दहा मिनिटांत ह्याचा ठेकेदार माणसं घेऊन येईल. आणि माझ्या हातात माइक होता.

मी माइकवरून म्हणाले, “मंडळी, ड्रायव्हरसाहेब दहा मिनिटं मागतायत. शाफ्ट काढायचाय म्हणे. तुमच्या गाड्या उचलताना ह्यांनी तुम्हाला दहा मिनिटं दिली होती का?”

नाका हसला. मागून कुणीतरी ओरडलं, “शाफ्ट कशाला, शर्ट काढ.” मग तर लोक पोट धरून हसले. तो पान्हा हातात घेऊन तसाच उभा होता. मग पान्हा केबिनमध्ये ठेवून कडेच्या चहाच्या टपरीजवळ जाऊन थांबला. आमच्यातला एक टेम्पो चालवतो, तो स्टिअरिंगवर बसला. न्यूट्रलला टाकली की जगातली कुठलीही गाडी ओढता येते, असं तो छातीठोकपणे म्हणाला. आम्ही सगळे क्लचच्या गाड्यांवर वाढलेलो. आम्हाला ते खरंच वाटलं.

यार्ड नऊ-दहा किलोमीटर. पुढं ट्रॅक्टर, मागं बंद इंजिनाची टोइंगची गाडी, तिच्यामागं आमच्या मोटारसायकली. मोकळा रस्ता लागला तसा ट्रॅक्टरवाल्यालाही जोर आला. लोक गच्चीवरून फोटो काढत होते. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, हे कबूल करते. माझ्या भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता, तो मी आमच्या ग्रुपवर टाकला. सोबत हसणारे चेहरे, ओळीनं.

गाडी चावीसकट यार्डात सोडून परतलो आणि त्याच संध्याकाळी मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात एक ओळ अशी होती की ठेकेदाराची ही गाडी गिअर घसरणारा खटारा आहे आणि असा खटारा तुमच्या गाड्या उचलतो. ती ओळ मी बनवली होती. गाडीचा गिअर घसरतो असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पत्रकाला वजन यावं म्हणून टाकली, झालं.

चार दिवसांनी तीच गाडी मामाच्या गॅरेजात आली, दुसऱ्या क्रेनच्या मागं टांगून. ह्या वेळी शाफ्ट काढलेला होता. शहरात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात मामा एक. टोइंगच्या बाकी सगळ्या गाड्या क्लचच्या, ही एकच वेगळी. कुठल्याशा कारखान्यानं परदेशातून आणलेली, ठेकेदारानं लिलावात घेतलेली. सोबत तोच ड्रायव्हर. मी वरच्या कठड्यावरून बघितलं आणि पटकन आत सरकले.

त्यानं मामाला सांगितलं ते मी आतून ऐकलं. आंदोलनानंतर दोन-तीन दिवस गाडी चालली, पण गिअर बदलताना हिसका द्यायला लागली. मग शेंद्र्याजवळ हुकला कार लावलेली असताना इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि गाडी पुढं जाईना. त्यानं लगेच कडेला घेऊन बंद केली. मामानं विचारलं, मालकाला सांगितलं का, ओढल्यानं झालं म्हणून? तर म्हणे सांगितलं. मालक म्हणाला, आयुष्य गेलं माझं गाड्या ओढण्यात, न्यूट्रलला ओढून गिअरबॉक्स जातो हे मला तू शिकवणार का?

मामा कुणाचंही ऐकून गिअरबॉक्स खोलत नाही. आधी सपाट जागेवर गाडी चालू ठेवून, गरम झाल्यावर, तेलाची पट्टी काढली. क्लचच्या गाडीचा मिस्त्री इंजिन बंद करून बघतो आणि फसतो, असं तो नेहमी सांगतो. पातळी बरोबर होती, पण तेल करपलेलं, काळपट. त्यानं ते बोटांत चोळून वास घेतला. मग गेज लावून तेलाचा दाब मोजला. दाब नव्हताच म्हणायचा. खालचं चेंबर उघडलं तर तळाला पितळेचा चुरा, उन्हात चमकणारा. फिल्टर त्यानंच तुंबलेला.

“भाचीबाई,” मामानं खालून हाक मारली, “लपून काय बघतीस? खाली ये, हात लाव.”

गिअरबॉक्स उतरवून खोलायला दोन दिवस गेले. मामा एकेक भाग ताटात मांडत होता आणि मला दाखवत होता. तेल फिरवणारा पुढचा पंप नव्यासारखा. पायातला क्लच नसला तरी ऑटोमॅटिकच्या पोटात क्लचच्या प्लेटा असतात, त्यातल्या पुढच्या जरा तापलेल्या, जळलेल्या नाहीत. मागं, शाफ्टच्या बाजूला मात्र बुशा, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या पितळी कड्या, खाऊन गेलेल्या, गिअरच्या पिना निळ्या-काळ्या पडलेल्या.

“हे चालवून जळलेलं नाय,” तो म्हणाला. “ओढून जळलंय. इंजिन बंद म्हणल्यावर पंप बंद, पंप बंद म्हणल्यावर तेल नाय. आणि मागनं चाकं शाफ्ट फिरवतायत, शाफ्ट हे सगळं फिरवतोय. कोरडं.”

पुढचं तो बोलला नाही, ते मलाच जुळवता आलं. कोरड्या बुशा झिजल्या, त्यांचा चुरा तेलात गेला, चुऱ्यानं फिल्टर तुंबला, दाब पडला, म्हणून गिअर घसरला, इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचेना. आणि घसरल्याबरोबर ड्रायव्हरनं थांबवली म्हणून पुढच्या प्लेटा वाचल्या. जो मुकाट्यानं टपरीजवळ जाऊन उभा राहिला, त्याच माणसानं गाडी अर्धी तरी वाचवली होती.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार आला. मी ताटासमोर रॉकेलनं भाग धूत बसले होते, त्यानं मला ओळखलं नाही. ड्रायव्हरला बघून त्यानं खिशातून एक कागद काढला. घडी बघताच मला कळलं, माझं पत्रक. ती घडी मीच घालते. त्यानं माझीच ओळ मोठ्यानं वाचून दाखवली, गिअर घसरणारा खटारा, आणि म्हणाला, “रस्त्यावरच्या लोकांना दिसत होतं गिअर घसरतोय. ह्यालाच दिसलं नाही? तशीच दामटून चालवली ह्यानं.” मग त्याच्याकडं वळून, उद्यापासून येऊ नको, एवढंच.

ड्रायव्हर म्हणाला, “शेठ, मी त्यांना म्हणलो व्हतो शाफ्ट काढू द्या.”

“कोणाला म्हणला? कोण ऐकलं?”

ड्रायव्हर त्याचा डबा आवरायला लागला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी तिथंच आहे हे त्याला तीन दिवस माहीत होतं, रोज माझ्यासमोर चहा पीत होता. नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यानं नाही घेतलं. मामानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा बुशा मोजायला लागला.

इथं मी लगेच उठले असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही उठले. धुतलेलाच भाग पुन्हा धुतला. ठेकेदार निघून गेला. ड्रायव्हरही त्याचा डबा घेऊन गेला. मी वर जाऊन टेम्पोवाल्याला फोन केला. तो म्हणाला, गप बस, केस झाली तर माझं लायसन जाईल, आणि आपलं आंदोलन बदनाम होईल ते वेगळं. मला ते पटलं. तेच मला आता जास्त टोचतंय. बदनामी हा शब्द मी किती पत्रकांत दुसऱ्यांच्या तोंडी घालून त्यांची खिल्ली उडवलीय.

मामानं जेवताना विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह बॉडी माझ्यासमोर ठेवली. बारीक बारीक नाल्यांनी कोरलेला जाडजूड धातूचा ठोकळा, चक्रव्यूहच. ह्यातूनच तेल कुठल्या गिअरला जायचं ते ठरतं. म्हणाला, एकेक नाली साफ कर, चुऱ्याचा एक कण राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. दुपारपर्यंत मी ती धूत होते. शेवटी मीच म्हणाले, मामा, त्यानं मला सांगितलं होतं. माझ्याकडं व्हिडिओ आहे.

“मला म्हाईत हाय,” मामा म्हणाला. “तूच ग्रुपवर टाकलाय. तुझ्या मामीनं दाखवला मला.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं. मी कधी बोलते ह्याची तो वाट बघत होता.

यार्डात मी एकटीच गेले. व्हिडिओ लावून फोन ठेकेदाराच्या हातात दिला. त्यात ड्रायव्हरचा आवाज नीट येत नाही, पण माझा येतो, खणखणीत, माइकमधून: दहा मिनिटं मागतायत, शाफ्ट काढायचाय म्हणे. त्यानं इशारा दिला होता ह्याचा एकुलता एक पुरावा म्हणजे मी उडवलेली त्याची टर. ठेकेदारानं दोनदा बघितला. मी सांगितलं, पत्रकातली खटाऱ्याची ओळ खोटी होती, ओढायचं मी ठरवलं, तक्रार करायची तर माझ्या एकटीच्या नावानं करा. आणि तुमच्या माणसांनी भोंगा न वाजवता गाड्या उचलणं हा अन्याय आहे, तेही मागं घेत नाही. तो म्हणाला, ओढल्यानं झालं हे आधी कळलं असतं तर मी त्याला काढलंच नसतं. मी म्हणाले, त्यानं सांगितलं होतं की तुम्हाला. मग त्यानं मामाला फोन लावला, बराच वेळ ऐकत राहिला, आणि माझ्यासमोरच ड्रायव्हरला उद्या ये म्हणाला. तक्रार दिली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

नवीन बुशा, दुसऱ्या एका जुन्या गिअरबॉक्समधून आणलेला गिअरांचा संच, तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या धुतलेल्या. मामानं तेल थोडं थोडं घातलं, दर वेळी इंजिन चालू ठेवून पट्टी बघत. गाडी न्यायला ड्रायव्हर आला. मी त्याची माफी मागितली. लिहून देऊ का म्हणाले, सही करून, छापूनसुद्धा.

त्यानं डोकं हलवलं. “कागद नको ताई. हसणारी मान्सं नाक्यावर व्हती. माइक हाय ना तुमच्याकडं?”

रविवारी मी माइक घेऊन नाक्यावर गेले. आमच्यातले दोघंच आले, टेम्पोवाला आला नाही. मी सांगितलं, ह्या माणसानं शाफ्ट काढायला दहा मिनिटं मागितली होती, मी तुम्हाला हसवलं, गाडी आमच्यामुळं मोडली, पत्रकात मी खोटं लिहिलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. खरं तर कुणी फारसं ऐकतच नव्हतं. एका भाजीवाल्या मावशीनं विचारलं, का गं, ठेकेदाराला फुटलीस का? मी नाही म्हणाले. तिला ते पटलं नसावं.

तो टपरीजवळ उभा होता, त्याच जागी. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, कप ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. माझ्याशी तो काहीतरी बोलेल असं मी का धरून चालले होते, कोण जाणे. गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, कुठंच हिसका नाही. माइक बंद करायचा राहिला होता, त्यातून गाडीचा आवाज नाक्यावर घुमत होता. मी तो दूर जाईपर्यंत ऐकत उभी राहिले.