परसातला दगड

ती दुपार आजही मनात आली की आधी काठ्या दिसतात, बाकीचं मग हळूहळू आठवतं. माझ्या नोकरीतला तो शेवटचा पावसाळा. लोणावळ्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होते. शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्याच्या परीक्षा देत देत तिथवर पोचले. नाव मी कुणाचंच घेणार नाही. ज्यांची ही हकिकत आहे, त्यांना आपलं नाव चारचौघांत येणं अजूनही परवडणारं नाही.

पावसाळ्यातला रविवार म्हणजे आमच्या ठाण्यात कुणाला बूड टेकायला फुरसत नसते. भुशी धरणावर बंदोबस्त, रस्त्याला गाड्यांची रांग, कुणाचं पोर चुकलेलं, कुणी शेवाळावरून घसरलेलं. त्यात त्या वर्षी मावळात एक वेगळीच धास्ती होती. शेजारच्या तालुक्यातून एक तान्ही मुलगी पळवून नेली होती. गुन्हा दाखल होता, खरा होता. पण मोबाईलवर जे फिरत होतं त्यातलं निम्मं खोटं. सोमाटण्याच्या फाट्यावर लोकांनी भंगार वेचणाऱ्या एका बाईला अडवून तिची गोणी रस्त्यावर उपडी केली होती. परंदवडीकडच्या आया पोरांना अंगणवाडीत पाठवेनात. अनोळखी बाई दिसली की लोक आधी तिच्या हाताकडे बघायचे, तोंडाकडे नंतर.

अशात ठाणे अंमलदारांनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडे एक बंगल्यांचा एजंट होता. हमरस्त्याला उभे राहून, हातात चाव्या हलवत पर्यटकांना बंगले दाखवतात ना, त्यांतलाच एक.

"मॅडम, वर ठाकरवाडीत एक फॉरेनची बाई लपलीय. तान्ही पोरगी आहे तिच्याकडं. आमच्या बाजूच्याच बंगल्यावर स्वयंपाकाला होती ती. आत्ता आत्ता बघितलंय मी तिला. पोट दिसत नव्हतं. मग पोरगी आली कुठनं?"

"हे आणखी कुणाला सांगितलंत का?"

"ग्रुपवर टाकलंय ना मॅडम. लोकांना कळायला नको?"

मी घाबरले ती तेव्हा. खबर खरी की खोटी हा प्रश्न नंतरचा. आपण आधी पोचतो की ग्रुप, एवढंच डोक्यात होतं. डायरीला नोंद टाकली, एक महिला शिपाई घेतली, आणि ज्यांना सगळं ठाणं भाऊ म्हणायचं ते आमचे हवालदार घेतले. गाडी वाडीच्या खाली ठेवावी लागते, पुढे पायवाट. पायवाटेच्या तोंडाशीच माणसं जमली होती. सगळे चांगल्या घरचे, ओळखीचे. दोघांच्या हातात काठ्या होत्या.

"काठ्या कशाला रे?" भाऊंनी विचारलं.

"साप असत्यात ना भाऊ, गवतात."

"मग सापाला आमी बघतो. तुमी हितंच थांबा. वर एक जरी आला तरी पहिला तोच आत जाईल."

भाऊ तिथेच आडवे उभे राहिले. आम्ही दोघी वर गेलो.

वाडी म्हणजे कुडाची थोडीशीच घरं. आम्हाला हवं होतं ते घर शेवटचं. घरमालकीण मावशी भुशीच्या रस्त्याला भाजलेली कणसं विकायची. कितीदा बंदोबस्ताला मीच तिची शेगडी मागे सरकवलेली. आत कोपऱ्यात गोधडीवर ती परदेशी बाई बसलेली. वय पंचविशीच्या आतबाहेर, अंगात घोळदार ढगळ कपडे, छातीशी गुंडाळलेलं बाळ. माझी खाकी दिसताच ती भिंतीत शिरायला बघू लागली.

मोडक्या हिंदीत तिने सांगितलं ते असं. ती अफगाणिस्तानातली. तिकडे मुलींना शिकवायची. त्यावरून घरावर माणसं चालून आली, भावाला घेऊन गेली, तो परत आला नाही. नवरा-बायको जीव घेऊन भारतात आले, आश्रय मिळावा म्हणून अर्ज केला. नवरा त्याच कामासाठी दिल्लीला गेलेला. ही पोटासाठी बंगल्यावर राबत होती. दिवस गेलेत कळलं तर काम जाईल म्हणून ढगळ कपड्यांत पोट झाकलेलं. शेवटी कळलंच, आणि बंगला सांभाळणाऱ्याने तिला बाहेर काढलं. भुशीच्या रस्त्यावर कळा सुरू झाल्या आणि कणीसवालीने तिला इथे आणलं.

"बच्ची कहाँ हुई?"

"यहीं. इसी घर में."

मी मावशीकडे वळले. "मावशी, बाळंतपण इथं झालं?"

"न्हाई बाई," मावशी खाली बघत म्हणाली. "हितं कुनी बाळंत झालं न्हाई. ती लेकरू घिऊनच आलती."

शेजारणींना विचारलं. सगळ्यांचं एकच. "घिऊनच आलती. ह्या पावसाळ्यात वाडीत कुनीच बाळंत झालं न्हाई, शपथ!" चुलीपाशी मावशीची सासू बसली होती, म्हातारी. तिनेही मान हलवली.

त्या बाईला मराठी येत नव्हतं, पण त्या माना तिला कळल्या. तिने मावशीकडे जे बघितलं ते मी सांगू शकत नाही. हाक मारावी तसं बघितलं.

आता माझ्यापुढचा पेच समजून घ्या. साहेबांचा फोन आला. ते वाईट नव्हते, कायद्याचा माणूस. म्हणाले, "दिवस मावळायच्या आत दोघींना खाली आणा. बाई परदेशी नागरिकांच्या शाखेच्या ताब्यात, बाळ बालकल्याण समितीपुढे." मी म्हटलं, साहेब, डॉक्टरांकडून तपासून घेऊ. ते म्हणाले, "डॉक्टर सांगतील ती बाळंत झालीय म्हणून. हीच पोर तिची हे कसं सांगतील? त्याला रक्ताची तपासणी. अहवाल येईतो पोर शिशुगृहात." चूक काहीच नव्हतं त्यात. पण अंगावर पिणारं बाळ एकीकडे, आणि आई दुसरीकडे. आईवर मूल पळवल्याचा संशय बसला की आश्रयाचा अर्ज कोण ऐकणार? परत पाठवलं तर तिकडे काय वाट बघत होतं ते तिने सांगितलंच होतं. आणि त्याआधी ती पायवाट उतरायची होती, काठ्यांच्या मधून.

मी तिला हिंदीत समजावून सांगितलं. तिला 'समिती' कळलं नाही, 'बच्ची' कळलं. ती म्हणाली, "मुझे ले जाओ. मारना है तो मारो. इसको मत लो."

मी दोन घोट पाणी प्यायला म्हणून मागल्या दाराने बाहेर आले. खरं तर तोंड लपवायला आले. खालून ओरडा ऐकू येत होता, भाऊंचा आवाज त्यात बुडत चाललेला. परसात न्हाणीचं पाणी जातं तिथे माझी नजर पडली. थोडी जागा नव्याने शेणाने सारवलेली. तिच्यावर एक जड दगड, आणि दगडावर करवंदीच्या काट्यांची फांदी दाबून ठेवलेली.

मीही खेड्यातलीच. माझ्या आईने माझ्या भावांच्या वेळी असाच दगड ठेवलेला मी पाहिलाय. बाळामागून पडणारी बाळंतिणीची वार पुरतात तिथे, आणि कुत्र्याने उकरू नये म्हणून वर काटे. अशी जागा घरात बाळंतपण झाल्याशिवाय होत नाही. आणि वाडीत त्या पावसाळ्यात दुसरी कुणी बाळंत झालेली नव्हती, हे शेजारणींनीच मघाशी शपथेवर सांगितलं होतं!

मी आरडाओरडा केला नाही. पोलिसी आवाज काढला की अशी माणसं दार लावून घेतात, हे मला माहीत होतं. मावशीला परसात बोलावलं, तिच्याशेजारी उकिडवी बसले.

"मावशी, दगड कुणी ठेवला?"

तिने दगडावरची काट्यांची फांदी नीट केली.

"मागं तुमची शेगडी सरकवली तेव्हा मला काय बोलला होतात? 'पोलीसबाई, तुमच्यात काळीज हाय का नाय?' आता मी तेच विचारते."

तिने पदर तोंडाला लावला. "बाई, आमाला लय भ्या वाटतं. घरात बाळंतपण करायचं न्हाई म्हणून दवाखान्यातली मानसं सांगून गेल्यात. मागं खालच्या वाडीत एक लेकरू दगावलं, तवा सुईनीला गाडीत घालून नेली, दिसभर बशिवली. माझी सासू म्हातारी. तिला नेली तर ती परत येनार न्हाई. म्हनून समद्यांनी ठरिवलं, घिऊनच आली म्हनायचं."

"आणि तिचं काय होईल ते ठरवलं का?"

"तिचं काय हुनार? ती तर आई हाय. आई असल्यावर कोन काय करनार?"

ही त्यांची चूक. साधी, आणि किती भयंकर! स्वतःला वाचवायला जे बोलले त्याने त्या पोरीची आई चोर ठरत होती, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी समजावलं. पोर काढून घेतील, बाईला बंद करतील. मावशी ऐकत होती तोवर चुलीपाशची म्हातारी दारात येऊन उभी राहिलेली.

"म्या सोडिवली तिला," म्हातारी म्हणाली. "माझ्या हातानं नाळ कापली. लिव्हा. न्यायची तर न्या."

"आत्या, गप ऱ्हावा!" मावशी ओरडली.

"गप ऱ्हाऊनच तर हे झालं. रातभर त्या पोरीनं माझा हात धरला हुता. हात मोडला असता माझा, सोडला न्हाई तिनं."

मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, साक्षीदार आहे, सुईण. वार पुरलेली जागा आहे, पंच बोलावून पंचनामा करते.

साहेब म्हणाले, "वाडीतल्या म्हातारीचा जबाब? टिकेल का?"

"साहेब, पाटलाच्या बाईने हेच सांगितलं असतं तर आपण रक्त मागितलं असतं का? आपल्या गावातल्या कुठल्या बाळंतिणीला आपण विचारतो, हे तुझंच कशावरून?"

ते म्हणाले, "जबाब नीट घ्या. बाईला आधी दवाखान्यात न्या. बाळ तिच्याजवळच राहू दे."

त्या परसात पंचांसमोर पंचनामा झाला. म्हातारीने अंगठा दिला. आणि मग ती पायवाट. पुढे मी, मध्ये ती आणि बाळ, मागे आमची शिपाई. पण वाडीतल्या बायांनी आम्हाला एकटं सोडलं नाही. म्हातारी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे झाली. खाली पोचल्यावर तिने त्या काठ्यावाल्यांतल्या एकाकडे बघितलं.

"का रं, तुझ्या आईलाबी मीच सोडिवली. तवा तिला कुनी इचारलं हुतं का, ह्यो तुझाच कशावरनं?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्याने जीव वाचला. गर्दीतला एक जण हसला की ती सैल पडते. एजंट मोबाईल खिशात घालून बाजूला झाला. भाऊंनी गाडीचं दार उघडलं.

डॉक्टरांनी बाईची आणि बाळाची तपासणी केली, बाळाचं वय म्हातारीने सांगितलेल्या दिवसाशी जुळलं. म्हातारीला कुणी काही बोललं नाही, ते मी जातीने बघितलं. पळवलेली खरी मुलगी पुढे तिच्याच नात्यातल्या एका घरी सुखरूप सापडली. त्या परदेशी बाईचा नवरा दिल्लीहून धावत आला. परदेशी नागरिकांच्या शाखेने चौकशी केली, आणि आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत दोघांना इथे राहू दिलं.

निकाल अजून लागलेला नाही. मी निवृत्त होऊन बसले, ती मात्र अजून वाट बघतेय. फोन वाजला की दचकते म्हणते. त्यामुळे ही हकिकत सुखाने संपली असं मी म्हणत नाही.

नोकरीत मी माणसं पुष्कळ तपासली. कळलं ते इतकंच. त्या घरात दोन घाबरलेली माणसं होती, परदेशातली एक आणि डोंगरातली एक. दोघींनाही ठाऊक होतं की सरकारी माणूस आपला शब्द खरा धरत नाही. म्हणून एक खरं बोलून हरत होती आणि दुसरी खोटं बोलून. त्यांच्यावर दया करायची गरज नव्हती. शेजारणीचा शब्द आपण जसा ऐकून घेतो तसा त्यांचा ऐकायचा, एवढंच होतं. तेवढ्यासाठी किती धावाधाव!

परवा भुशीला गेले होते. मावशी शेगडीवर कणीस फिरवत होती. मला बघून म्हणाली, "आता सरकवा की शेगडी!" मग निखारे फुंकत सांगू लागली, "तिचा फोन येतो बरं का. मराठी शिकलीय मोडकं-तोडकं. दरयेळी एकच इचारती, दगड हाय का जाग्यावर? म्या म्हनते, हाय गं बाई. हलिवलाय कोनी?"

आणि तिने मीठ-लिंबू लावलेलं कणीस माझ्या हातात दिलं.